बंदराच्या नावापुढचं टिंब

माझा नवरा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे आणि आमचा निम्मा संसार टिंबांवर चालतो. जहाजाच्या सुकाणूघरात एक यंत्र असतं. ते जहाजाचं नाव, वेग, जागा आणि पुढचं बंदर सारखं जगाला सांगत राहतं, म्हणजे दुसरं कुणी अंगावर येऊ नये. फोनवर एक फुकटचं अ‍ॅप घेतलं की ही सगळी माहिती कुणालाही दिसते. बाकीचं यंत्र स्वतः भरतं, पुढच्या बंदराचं नाव मात्र माणसाला हाताने टाकावं लागतं. आमच्या जहाजावर तो माणूस म्हणजे माझा नवरा.

दुपारच्या पाळीवर उभा राहिला की तो बंदराच्या नावापुढे एक टिंब टाकतो. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, मग सगळी पुसून पुन्हा एक. क्रम चालू आहे म्हणजे माणूस धडधाकट आहे, एवढाच त्याचा अर्थ. "प्रेमपत्र म्हणून हे फारच कंजूष झालं," असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत त्याला ऐकवलं होतं. तो म्हणाला, "शब्द लिहिला तर कप्तान माझा कान पिळेल. टिंबाकडे कोण बघतंय?"

तेव्हा खरंच कुणी बघत नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई डोळे तपासतात, मागे मी यंत्रावर काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. जेवणाची सुट्टी संपता संपता माझं टिंब येतं. ते आलं रे आलं की घरून सासूबाईंचा फोन येतो, कारण त्यांनीही ते अ‍ॅप घेतलंय. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसलेली बाई. कुणाचा कुणाशी संपर्क तुटला की त्यांना अजूनही आपलीच चूक वाटते.

"आलं का गं तुझं टिंब?"

"आलं की. तुम्हालाही दिसलंच असेल."

"दिसलं. पण तुझ्याकडेही आलंय ना, ते विचारलं."

मी यावर हसायची. मग मी हसणं बंद केलं, कारण जहाज त्या चिंचोळ्या समुद्राच्या तोंडाशी पोचलं.

नकाशात तो समुद्र बोटाच्या पेरात मावतो. एका बाजूच्या किनाऱ्यावर डोंगर आहेत आणि डोंगरात क्षेपणास्त्रं घेऊन बसलेली माणसं. त्यांना कुणी सरकार म्हणतं, कुणी टोळी म्हणतं, आमच्या जहाजवाल्यांच्या घरांत त्यांना नुसतं 'किनाऱ्यावरचे' म्हणतात. त्यांचं भांडण लांबच्या दोन-तीन मोठ्या देशांशी. त्या देशांनी त्यांचं तेल विकणं बंद पाडलं, म्हणून यांनी ठरवलं की त्या देशांचा माल आपल्या दारातून जाऊ द्यायचा नाही. आता कुठल्या जहाजात कुणाचा माल आहे हे डोंगरावरून कसं कळणार? आमच्या जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, विमा तिसऱ्याचा, गहू चौथ्याचा आणि तो खाणारे पाचव्या देशातले. माझा नवरा यातल्या कुणाच्याच घरचा नाही. तरी क्षेपणास्त्र आलं तर लागणार त्यालाच, हे कुठलं मोठं राजकारण ते मला कुणी समजावून सांगावं.

घाबरून जहाजांनी बंदराच्या रकान्यात बंदराऐवजी भलतंच लिहायला सुरुवात केली होती. 'सगळे कर्मचारी अमुक देशाचे.' 'आमचा त्यांच्याशी संबंध नाही.' 'फक्त अन्न आहे.' चोरांनी येऊ नये म्हणून दारावर 'आमच्याकडे सोनं नाही' अशी पाटी लावावी, तशातला प्रकार. अ‍ॅप उघडलं की समुद्रभर या विनवण्या तरंगताना दिसायच्या. आमच्या जहाजाने 'गहू, गरिबांसाठी' असं लिहिलं. त्याच्यापुढे दोन टिंबं होती. ती पाहून मला इतकं बरं वाटलं की मी एका आजोबांच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली.

त्यातच कुणीतरी त्या भागातले उपग्रहाचे संदेश बिघडवायला लागलं. जहाजं अ‍ॅपवर वाळवंटात दिसू लागली. एक दिवस सासूबाईंनी फोन केला, "अगं, हा विमानतळावर कसा?" मी पाहिलं तर आमचं जहाज खरंच एका धावपट्टीच्या मधोमध उभं होतं. "निदान लवकर घरी येईल," असं त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो, पण फोन ठेवल्यावर मी तो नकाशा पुन्हा उघडला. जागा खोटी, मग वेग खरा कशावरून? आता फक्त टिंबावरच माझा विश्वास राहिला, कारण ते यंत्राने टाकलेलं नव्हतं.

कंपनीने सुरक्षेसाठी म्हणून जहाजावरचं इंटरनेट बंद केलं. कर्मचाऱ्यांनी घरी फोटो पाठवले आणि त्यावरून कुणी जहाजाचा माग काढला तर काय, ही त्यांची भीती. आमचे परराष्ट्रमंत्री टीव्हीवर आले आणि म्हणाले, आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत. म्हटलं, तेवढं तर मीही ठेवून आहे, आणि माझ्याकडे नौदलही नाही.

जहाज त्या समुद्रात शिरलं त्या दिवशी सकाळी घरच्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. या ग्रुपमध्ये कुणी कुणाला नावाने ओळखत नाही. थर्ड इंजिनिअरची आई, चीफ कुकची बायको, बोसनची, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाची, बहीण. मी सेकंड ऑफिसरची मिसेस. माझ्या फोनमध्ये नंबरही तसेच साठवलेले आहेत आणि दुकानात कुणाशी बोलायचं झालं तरी 'आमचे सेकंड ऑफिसर' असंच तोंडात बसलंय. व्हिडिओ पाठवला होता थर्ड इंजिनिअरच्या आईने. खाली लिहिलं होतं, 'हे आपलंच जहाज ना?'

जहाजांचा नाद असलेली काही माणसं असतात. बसल्या जागी जगभरची जहाजं बघतात आणि त्यावर बोलतात. त्यातला एक स्वतःला 'दुर्बीण' म्हणवतो. त्याच्या व्हिडिओत आमच्या जहाजाचं चित्र होतं आणि त्याखाली टिंबांची रांग. एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. रोज दुपारच्या पाळीला, कित्येक महिने. दुर्बीण उत्साहाने सांगत होता, "हे चुकून होत नाही मंडळी. हे जहाज कुणाला तरी खुणावतंय. 'गहू, गरिबांसाठी' लिहिलंय आणि त्याच्यापुढे सांकेतिक खूण? पोटात नक्की काय आहे?"

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. यंत्र चालूच होतं, काच नको तितकी घासली गेली आणि तडकली तेव्हा मला ते कळलं. डॉक्टरीणबाई आत डोकावल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, टिंबांसकट. मी फोन पुढे केला. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि त्याखाली बोट दाखवलं. किती लोकांनी तो पाहिला होता ते तिथे होतं आणि तो आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

"घरी जा," त्या म्हणाल्या.

"घरी जाऊन काय करू?"

मी घरी गेले नाही, सासूबाईच रिक्षा करून दुकानात आल्या. त्यांनी येताना रिक्षातच पुढची बातमी वाचली होती. किनाऱ्यावरच्यांचा एक प्रवक्ता आहे, तो रोज काहीतरी धमकी देतो. आज तो म्हणाला होता की धान्याच्या नावाखाली एक जहाज शत्रूला रोज संकेत पाठवतंय, आम्ही त्याला ओळखलंय, आणि ते आमच्या टप्प्यात आहे. सासूबाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा एक्सचेंजमधला स्पष्ट आवाज होता तसाच होता.

"कंपनीला सांगायला हवं," मी म्हणाले.

"काय सांगशील? की माझा मुलगा कामाच्या यंत्रावर बायकोशी गप्पा मारतो? नोकरी जाईल त्याची. पुन्हा कुठल्या जहाजावर घेणार नाहीत."

"आई, जहाज राहिलं तर नोकरीचं बघू ना!"

मी ओरडलेच. सासूबाईंवर मी आजवर ओरडले नव्हते. त्या खुर्चीत बसल्या, डोळे तपासायच्या, मोठ्या हातांच्या खुर्चीत, आणि म्हणाल्या, "लाव फोन."

कंपनीच्या आमच्या शहरातल्या ऑफिसात एक निवृत्त कप्तान बसतात. आयुष्यभर फिरले आणि आता टेबलाशी रुतलेत, म्हणून घरचे सगळे त्यांना नांगरकाका म्हणतात. पगार उशिरा झाला, मूल झालं, कुणी वारलं, फोन नांगरकाकांनाच. मी त्यांना टिंबांचं सगळं सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"हे तू आणखी कुणाला सांगितलंस, बेटा?"

"कुणाला नाही. घरात, आणि इथे दुकानात."

"आम्ही सकाळपासून डोकं फोडतोय. वरच्या ऑफिसला वाटतंय यंत्रात कुणी बाहेरून शिरलंय. मघाशी जहाजाला संदेश पाठवून रकाना साफ करून घेतला."

मी अ‍ॅप पाहिलं. टिंबं नव्हती. 'गहू, गरिबांसाठी' हेही नव्हतं. नुसती मोकळी जागा होती. दुर्बिणीने त्यावरही लगेच लिहिलं होतं, 'पकडले गेले आणि पुसून टाकलं!'

"मागे फिरता नाही का येणार?" सासूबाईंनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"आता फिरले तर पळताहेत असं होईल. पुढे जाणं हेच त्यातल्या त्यात बरं. आजचा दिवस निघाला तर सुटले." नांगरकाकांनी घसा साफ केला. "मी आता वर कळवतो. ते त्यांच्या वकिलांना विचारतील, वकील विमावाल्यांना, विमावाले झेंड्याच्या देशाला. मग तिथून कुणीतरी किनाऱ्यावरच्यांशी बोलणाऱ्या तिसऱ्या देशाला कळवेल. असा रस्ता आहे तो."

"किती वेळ लागेल?"

"बेटा, तोवर जहाज पार झालेलं असेल, नाहीतर..." त्यांनी उठून दार लावल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या प्रवक्त्याचे लोक त्या दुर्बिणीचं सगळं बघतात, हे उघड आहे. बायकोने तिथे सांगितलं की ही घरगुती गंमत आहे, तर ती डोंगरावर पोचायला घटकाही लागणार नाही. कंपनी याला परवानगी देणार नाही. मीही तुला काही सांगितलेलं नाही. पण समजा कुणी बोललंच, तर नाव घेऊ नये. माणूस ओळखू येईल असं काहीही सांगू नये. जहाज सोडतील आणि माणूस धरतील. त्यांना स्वतःचे कैदी सोडवायला, बदल्यात द्यायला माणसं लागतात."

मी फोन ठेवला. मग डॉक्टरीणबाईंनी उठून दुकानाच्या दाराला 'बंद' ही पाटी लावली.

डोळे तपासायच्या खोलीतच व्हिडिओ करायचं ठरलं, तिथे आवाज येत नाही. मी खुर्चीच्या बाजूला उभी राहिले, सासूबाई खुर्चीत. मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता. वर मोठी अक्षरं, खाली बारीक. "तो आधी झाका," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर उद्या म्हणतील हीसुद्धा खूण आहे." डॉक्टरीणबाईंनी त्यावर आपला पांढरा कोट टांगला. एरवी यावर आम्ही दिवसभर हसलो असतो.

मी आधी तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. माझा नवरा त्या जहाजावर आहे. माझा नवरा त्या जहाजावर आहे. पाणी प्यायले. डॉक्टरीणबाईंनी फोन धरला आणि मान हलवली.

मी म्हणाले, "नमस्कार. तुम्ही ज्या जहाजाबद्दल बोलताय, त्या जहाजाच्या सेकंड ऑफिसरची मी बायको. ती टिंबं माझ्यासाठी आहेत. घरापासून लांब असलेला माणूस बायकोला कळवतो, मी बरा आहे. त्याचा दुसरा काहीही अर्थ नाही. जहाजात गहू आहे. तुमच्याही घरी कुणीतरी कुणाची वाट बघतच असेल. कृपा करून त्यांना जाऊ द्या."

मग सासूबाई बोलल्या, "मी त्याची आई. रोज ती टिंबं मीसुद्धा मोजते. या वयात मी कशाला खोटं बोलू?" बोलता बोलता त्यांनी माझा हात धरला. हे ठरलेलं नव्हतं.

आम्ही तो दोनदा पाहिला, अगदी डोळ्यांत तेल घालून. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. तक्ता झाकलेला. कुठून केला ते कळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाठव." मी दुर्बिणीला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं. माणूस वाईट नसावा. 'मला कल्पना नव्हती. मी आत्ता टाकतो. मला माफ करा.' आणि त्याने टाकला. खाली त्याने निरनिराळ्या भाषांत लिहिलं की मी चुकलो, हे पतीपत्नीचं आहे. लोकांनी तो भराभर पुढे पाठवायला घेतला. लोकांना अशा गोष्टी आवडतात. कुणी बदामाची चित्रं टाकली, कुणी रडणारे चेहरे. थर्ड इंजिनिअरच्या आईने ग्रुपवर लिहिलं, 'पोरी, तू वाघीण आहेस.' एका वृत्तवाहिनीने तर तो दाखवलाही. पट्टीवर मोठ्या अक्षरांत होतं, 'सेकंड ऑफिसरची पत्नी म्हणते, टिंबं माझ्यासाठी.'

मी ते वाचलं. मला वाटलं होतं धीर येईल, पण मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा वाचत राहिले, आणि का ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तेवढ्यात नांगरकाकांचा फोन वाजला.

"हुद्दा का सांगितलास?"

"काका, मी नाव नाही घेतलं. दोनदा बघितला आम्ही. नाव कुठेच..."

"एका जहाजावर सेकंड ऑफिसर किती असतात?"

एकच असतो. ते मला काय, आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. म्हणून तर आम्ही त्यांना त्या नावाने हाक मारतो.

"काढून टाकते. त्याला सांगते काढायला."

"आता सगळीकडे झालाय तो. टीव्हीवर आहे." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "कदाचित काही होणार नाही. कदाचित त्यांचा विश्वास बसेल आणि ते सोडून देतील. बस तू. पाणी पी."

सासूबाईंना मी सांगितलं. "पाठव म्हणाले ती मीच," त्या म्हणाल्या. त्यांनीही तो व्हिडिओ दोनदा पाहिला होता.

मग वाट बघणं. ते सांगण्यासारखं नसतं. डॉक्टरीणबाईंनी चहा केला, तो कपांत तसाच राहिला. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, चष्मा न्यायला आलं असेल, आम्ही श्वास धरून बसलो, जणू दार वाजवणारा डोंगरावरूनच आला होता. मी अ‍ॅपवरचा आमच्या जहाजाचा हिरवा बाण बघत होते. मध्ये तो वाळवंटात गेला, मग एका शहराच्या चौकात, मग पुन्हा पाण्यात आला. वेग मात्र चालू होता. तो आकडा चालू आहे तोवर सगळं ठीक आहे असं मी स्वतःला बजावत होते. ग्रुपवर सगळ्या बायका तेच बघत होत्या.

वेग कमी होऊ लागला.

आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग बोसनच्या बहिणीने लिहिलं, 'थांबतंय का?' आणि त्यानंतर वेग शून्य झाला. त्या समुद्रात कुणी आपणहून थांबत नाही. नांगरकाकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "छोट्या बोटी आल्या आहेत. वर चढलेत. क्षेपणास्त्र नाही टाकलं, हे लक्षात घे. तुझा व्हिडिओ होता म्हणूनच नाही टाकलं. मी पुन्हा करतो."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या काही पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव, पण जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "गप्प राहा रे बाबा, गप्प राहा. विचारलं तरी बोलू नकोस." मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. मनात काय काय नवस बोलले ते आता आठवत नाही, पण मी ग्रुपमधल्या एकेका घराला आठवून म्हणत होते, यांचे सोड, त्यांचे सोड, आणि आमचाही सोड. आमचा मी शेवटी म्हणत होते, कारण आधी म्हणायची मला लाज वाटत होती.

मग बाण हलला.

आधी थोडासा, मग नीट. ग्रुपवर एकदम कल्लोळ झाला. 'निघालं!' 'सुटलं!' 'सोडलं त्यांना!' चीफ कुकच्या बायकोने रडत रडत आवाज पाठवला, शब्द कळत नव्हते, फक्त रडणं आणि 'ताई, ताई' एवढंच. थर्ड इंजिनिअरच्या आईने लिहिलं, 'सेकंड ऑफिसरच्या मिसेसचे उपकार आपण कुणीच विसरायचे नाहीत.' सासूबाई चष्मा कपाळावर चढवून एकेक मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला माझा फोन उजळलेला दिसला.

"बेटा, बसली आहेस का?" नांगरकाकांनी विचारलं.

मी उभी होते. मी हो म्हणाले.

"जहाज सोडलं. गहू बघितला, खात्री केली. बाकी सगळे सुखरूप आहेत. पण त्यांनी सगळ्यांना डेकवर उभं केलं आणि विचारलं, सेकंड ऑफिसर कोण. कप्तान म्हणाला, माझ्या जहाजावर जे होतं ते माझ्या हुकमाने होतं, न्यायचं तर मला न्या. चांगला माणूस आहे तो. पण त्यांनी फोन काढला आणि तुमचा व्हिडिओ लावला, सगळ्यांसमोर."

"मग?"

"तो स्वतःच पुढे आला. त्यांना म्हणाला, ती माझी बायको आहे आणि बसलेली माझी आई. व्हिडिओ संपेपर्यंत त्याने पाहिला. त्यांनी पाहू दिला." नांगरकाका थांबले. "मग चष्मा काढून कप्तानाच्या हातात दिला. डोळ्यांना पट्टी बांधणार होते ना. बोटीतून नेलंय किनाऱ्यावर."

त्याच्या डोळ्यांचा नंबर मला पाठ आहे. चष्म्याशिवाय त्याला समोरच्या माणसाचं तोंडही नीट दिसत नाही. पट्टी सोडली तरी त्याला काय दिसणार आहे, हे त्या लोकांना कुठे माहीत असेल? मला एकदम तेच सुचलं, दुसरं काही सुचेना. मी म्हणाले, "काका, मी आत्ता दुसरा करते. तासाभरात होईल. तो कुणाकडे पाठवू?"

"बेटा..."

"आपल्या सरकारचं तिथे कुणी असेल ना? वकिलात, ऑफिस, काहीतरी?"

"आपण त्या लोकांना देशच मानत नाही. त्यामुळे तिथे आपलं कुणी नाही, आणि त्यांचं इथे कुणी नाही. बोलायचं तर त्या लांबच्या रस्त्यानेच." त्यांचा आवाज आता म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "मी करतो प्रयत्न. सगळे करतील."

सासूबाई अजून वाचत होत्या, "बोसनची बहीण म्हणते की घरी या, तुमच्या पाया पडायचंय..." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. एक्सचेंजमधल्या बाईला पलीकडचं बोलणं ऐकू यावं लागत नाही, अलीकडच्या माणसाचं तोंड पुरतं. त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"नेला?"

मी मान हलवली.

त्यांनी रडायला हवं होतं. मला वाटलं त्या आता माझ्या तोंडात मारतील, आणि मी ते खाल्लंही असतं. पण त्यांनी पदराने तोंड पुसलं, केस मागे सारले आणि त्या मोठ्या खुर्चीत सरळ बसल्या. "आपलं त्यांनी एकदा ऐकलंय," त्या म्हणाल्या. "सरकारचं नाही ऐकत, कंपनीचं नाही ऐकत, तुझं-माझं ऐकलं. पुन्हा बोलू. धर तो फोन. या वेळी मी एकटी बोलते."

डॉक्टरीणबाईंनी कोट तक्त्यावर सारखा केला आणि दिवा लावला. मी फोन उचलून त्यांच्यासमोर धरला. काचेत त्यांचा चेहरा आला, थकलेला, वाट बघणारा. त्या काय बोलतील? आई आहे म्हणतील, त्याला दिसत नाही म्हणतील, सोडा म्हणतील. यातलं कुठलं वाक्य त्याला घरी आणेल आणि कुठलं वाक्य तिथे त्याची किंमत वाढवेल, हे मला कसं कळणार होतं? मघाशीही माझ्या एकाच वाक्याने घात केला होता. ते प्रेमाने बोलले होते, आणि दोनदा तपासलंही होतं.

"बोलू?" सासूबाईंनी विचारलं.

मला हो म्हणवेना.